वखराचा व

अख्ख्या वऱ्हाडात कॉम्प्युटरचा गेम पूर्ण किंमत देऊन आणि पक्की पावती घेऊन विकत घेणारा एकच माणूस असेल, तर तो म्हणजे आमचे साडभाऊ, माझे थोरले साडू. 'असेल' म्हणतो, कारण मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली आहे आणि अख्ख्या वऱ्हाडाची मोजणी काही मी केलेली नाही. पण अमरावतीत राजापेठेतला जो दुकानदार त्यांना गेम मागवून द्यायचा, तोच मला एकदा म्हणाला होता, "तुमच्या साडभाऊसाठी मले नागपूरले फोन लावा लागते. बाकी कोणी इच्यारत बी नाही." बाकीचे सगळे कागदी पाकिटातली, वर स्केचपेननं नाव लिहिलेली नकली सीडीची तबकडी घेऊन जायचे. दुकानदारानं पहिल्या वेळी साडभाऊंनाही तेच पाकीट दाखवलं होतं. "भाऊ, ओरिजनल काहून पायजे? आतमधी तेच हाय." साडभाऊ पेशानं तलाठी. त्यांनी ती तबकडी उजेडाकडे धरली, उलटीसुलटी केली आणि शांतपणे विचारलं, "आतमधी तेच हाय, हे मान्य. पण सातबारा कोणाच्या नावचा हाय?"

अस्सल गेमच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका असायची आणि तिच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा एक लांबलचक क्रमांक. गेम बसवताना तो टाकल्याशिवाय पुढे जाता येत नसे. जग त्याला काहीही म्हणो, आमचे साडभाऊ त्याला सातबारा म्हणत. अकोटला त्यांच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं. माझ्या मोठ्या मेव्हणीनं, म्हणजे ताईंनी, ते चिनी मातीच्या कपबश्यांसाठी घेतलं होतं. त्यात हे खोके उभे राहिले आणि कपबश्या अजून स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात आहेत. तबकडी पुसायला साडभाऊंचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन राखून ठेवलेलं असे. मे महिन्यात आमच्याकडे डांबर पातळ होतं, तिथं तबकडीचं काय. तेव्हा सगळे खोके कपाटातून निघून माठाच्या तिवईखाली जात आणि पाहुण्याला पाणी हवं असेल तर आधी ते खोके नीट सरकवून मगच माठाला हात लावावा लागे. ताई म्हणत, "या घरात थंड जागा एकच हाय, आन् थे बी सरकारजमा झाली."

खेळण्याची पद्धतही त्यांचीच. मोटारींच्या शर्यतीचा गेम ते टेम्पोच्या वेगानं खेळत. डावी बाजू सोडत नसत. दर वेळी शेवटचे येत, पण गाडीवर ओरखडा नसे. मी एकदा म्हटलं, "साडभाऊ, जरा दाबा ना." तर म्हणाले, "गाडी सरकारी असो का कॉम्प्युटरची, खरचटली का कारणं लिहा लागतात." बंदुकीचा गेम त्यांनी जन्मात एकदाच लावला. पहिला शत्रू पडला तसे त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. म्हणाले, "आता याचा पंचनामा कोण करन?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तो खोका पुन्हा कपाटाबाहेर आला नाही.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. कापसानं दगा दिला, पाऊस नको तेव्हा आला, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी पंचनाम्याला तलाठ्याला जावंच लागे. साडभाऊ त्याबद्दल घरी बोलत नसत. संध्याकाळी येत, हातपाय धूत, आणि एकच गेम लावत. त्यात एक ओसाड बेट असायचं, त्याला मधोमध एक नदी, आणि तिथं आपण गाव वसवायचं. घरं, शेतं, शाळा, बाजार, सगळं एक-एक करून. त्यांची एकुलती एक मुलगी प्राची शेजारच्या खुर्चीवर बसायची. तिचं काम नदी आणि रस्ते, बापाचं काम शेतं आणि घरं. शाळकरी वयापासून कॉलेज संपेपर्यंत त्या दोघांनी ते एकच गाव चालवलं. मी त्यांना विचारलंही होतं, रोज तेच गाव बघून कंटाळा कसा येत नाही? म्हणाले, "भाऊ, दिवसभर मी उजाड पायतो. सांजच्याले एक वसलेलं पायलं का झोप लागते." त्या गावात दवाखाना होता, वाचनालय होतं, कुस्तीचा आखाडासुद्धा होता. पण तलाठी कार्यालय नव्हतं. प्राचीनं कितीदा बांधू म्हटलं, त्यांनी बांधू दिलं नाही. "या गावात तलाठ्याचं काम पडूच देणार नाही मी."

मग प्राचीला पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. आधी काही महिने प्रशिक्षण, मग कायम. साडभाऊंनी पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात फोनवर ती भरभरून बोलली, दुसऱ्यात कमी, आणि दिवाळीनंतर एक दिवस सरळ म्हणाली, "बाबा, मले वापस याचं हाय. इथं कोणी माह्याशी बोलत नाही. मी बोलली का हसतात." साडभाऊंनी तिला ये म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. त्यांनी मला फोन लावला. "भाऊ, तिले गाव पाठवा लागते."

मला आधी समजलं नाही. मग उलगडा झाला. गाव होतं तबकडीवरच्या गेममध्ये, आणि कंपनीनं दिलेल्या तिच्या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची खाचच नव्हती. पण प्राचीनंच कधीतरी सांगितलं होतं की इंटरनेटवर गेमचं एक मोठं दुकान आहे आणि काही ठरावीक खोक्यांवरचा क्रमांक तिथं टाकला तर तो गेम आपल्या खात्यावर कायमचा चढतो. मग तबकडी लागत नाही, कुठूनही उतरवून घ्यायचा. कपाटातले सगळे खोके चढणारे नव्हते. गावाचा चढत होता. मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, "तो गेम तिथं आता स्वस्तात विकत मिळतो, मी पाहिलं. पोरीला नवाच घेऊन द्या." साडभाऊ म्हणाले, "आपलंच वावर आपणच वापस विकत घ्याचं?"

हा त्यांच्या लेखी फेरफार होता. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवायची नोंद. आणि फेरफाराचे नियम त्यांना पाठ. प्राचीनं पुण्यात स्वतःच क्रमांक टाकावा, हे चालणार नव्हतं, कारण वारसानं स्वतःची नोंद स्वतः लिहायची नसते. त्यांनीही टाकायचा नव्हता, कारण देणाऱ्यानं लिहिलं तर उद्या कोणी शंका काढील. म्हणून तिसरा माणूस मी, आणि माझ्याकडे अमरावतीला इंटरनेटही बरं चालायचं. प्राचीनं तिच्या खात्याचा पासवर्ड मला सांगितला आणि सांगता सांगता हसली. "मावसाजी, बाबांनी साक्षीदार बी ठेवला का?" क्रमांक मेसेजनं पाठवायलाही साडभाऊ तयार नव्हते. सातबारा असा हवेत सोडत नसतात. ते फोनवर सांगणार आणि मी टाकणार.

इंग्रजी अक्षरं फोनवर ऐकताना घोळ होतो, बी म्हणावं तर डी ऐकू येतं. साडभाऊंनी त्यावर स्वतःची बाराखडी तयार ठेवली होती. "के कापसाचा. टी तुरीचा. बी बैलाचा. एच हरभऱ्याचा." पण इतक्यात त्यांना वाटलं की दर वेळी अक्षराचं नाव सांगणं म्हणजे शहाण्या माणसाचा अपमान, म्हणून पुढे नुसतं "मूग, ज्वारी, वावर, तूर, वखर" असं सुरू झालं. मी टाकत गेलो. शेवटी बटण दाबलं. क्रमांक चुकीचा. पुन्हा सांगितला, पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. असं बरेचदा झालं आणि मग पडद्यावर सूचना आली की फार वेळा चुकलात, आता काही वेळ थांबा.

मी म्हटलं, "साडभाऊ, थोड्या वेळानं पुन्हा बघू."

"म्हणजे हरकत आली," ते म्हणाले. "मंग तसं नाही करता येत. हरकतीची मुदत जाऊ द्या लागते."

मी खूप समजावलं, ही हरकत नव्हे, मशीन आहे. व्यर्थ. त्यांनी काचेच्या कपाटावर एक कागद लावला: 'सदर गेम कन्येच्या नावे करणे आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे.' ताईंनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'हरकत आहे. कपबश्या कुठे ठेवू?' तिकडे प्राचीनं रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. खोली सोडते म्हणाली. ही बातमी आली तसा साडभाऊंचा आवाज बदलला. मला वाटतं, कायद्याची मुदत पूर्ण न करता त्यांनी आयुष्यात केलेलं हे एकच काम. शुक्रवारी कचेरीत अर्धी रजा टाकून त्यांनी फोन लावला. "भाऊ, बसा कॉम्प्युटरवर."

पुन्हा मूग, ज्वारी, वावर. पुन्हा चुकीचा. मी माझ्या सवयीनं प्रत्येक अक्षर परत वाचून दाखवायला लागलो. "एम, जे, व्ही, टी, व्ही..."

"व्ही एकच हाय," साडभाऊ म्हणाले.

"तुम्ही वावर म्हटलं, तो व्ही. वखर म्हटलं, तोही व्हीच ना?"

फोनवर ताईंचा आवाज आला. त्या मागेच उभ्या असाव्यात. "अवो, वखर म्हणजे डबल व."

"का?" मी विचारलं.

आता साडभाऊंना माझी खरोखर काळजी वाटली. "भाऊ, वखराले दोन दांडे असतात. त्या अक्षराले बी दोन खाचा असतात. वावराची एक. हे काय सांगा लागते?"

मी डब्ल्यू टाकला. बटण दाबलं. पडद्यावर गेमचं चित्र आलं, खाली हिरव्या अक्षरांत नोंद: गेम तुमच्या खात्यात जमा झाला आहे. मी तसं सांगितलं. साडभाऊ म्हणाले, "ठीक हाय. फेरफार मंजूर." आणि फोन ठेवला. गावाची जपून ठेवलेली फाइल त्यांनी स्वतःच अकोटहून प्राचीला मेल केली. ती एवढी लहान होती की डोंगलच्या मरतुकड्या इंटरनेटवरूनही गेली. एवढी वर्षं वसवलेलं गाव, आणि वजन एका फोटोइतकं.

शनिवारी संध्याकाळी प्राचीनं घरी फोन केला. गेम उतरवून घेतला, गाव उघडलं, आणि बघते तर नदीला पूर आलेला, पूल अर्धा वाहून गेलेला. "बाबा, तुमी पुलाकडं पायलंच नाही का?" साडभाऊ म्हणाले, "नदी तुह्या खात्यात होती." ती म्हणाली, पूल बांधून होईपर्यंत थांबते, मग निघते. रविवारची गाडी गेली. पुलानंतर बांध निघाला, बांधानंतर शाळेची गळकी कौलं. तिच्या खोलीत राहणारी साताऱ्याकडची मुलगी हे काय चाललंय म्हणून डोकावली आणि तिनं आखाड्याचं काम अंगावर घेतलं. पुढे ती मुलगी 'काहून' म्हणायला शिकली, असं ऐकतो. तिकिटाचं काय झालं हे आम्ही कोणी विचारलं नाही.

मग बापलेकीनं पाळी लावली, कालव्याच्या पाण्याला लावतात तशी. एक आठवडा गाव पुण्याला, एक आठवडा अकोटला. दर रविवारी फाइल इकडून तिकडे. पुढे एका मे महिन्यात साडभाऊंची मूळ तबकडी कॉम्प्युटरमध्ये फिरता फिरता तडकली. माठाचा थंडावाही कामी आला नाही. त्यांनी ती बनियननं पुसून खोक्यात ठेवली आणि खोका कपाटात. प्राचीनं आपला पासवर्ड त्यांना दिला. तेव्हापासून ते तिच्या खात्यावर खेळतात, पण आधी फोन करून विचारतात. "वावर तिच्या नावावर हाय," ते मला म्हणाले. "मी आता बटईनं करून राहिलो."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि नंतर काही दिवस ते अगदी गप्प होते. ताई मला म्हणाल्या, गावसुद्धा उघडत नाहीत. मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. प्राचीकडची पाळी संपली होती.

"भाऊ, पोट्टीनं नदीकाठी काहीतरी बांधलं. वर पाटी लावली."

"तलाठी कार्यालय?" मी हसून विचारलं.

"नाही. घर हाय. लहान. पुढं अंगण. पाटी इंग्रजीत हाय, त्या गेममधी दुसरं येतच नाही. लिहून घ्या."

"तुम्हीच वाचा की."

"लिहा तुमी." मी कागद ओढला. "बैल," ते म्हणाले. "अंबाडी. पुन्हा बैल. पुन्हा अंबाडी."

"लिहिलं."

"वाचा."

"बाबा," मी वाचलं.

"बरोबर," साडभाऊ म्हणाले. "यात चुकाले जागा नाही."