ऑपरेटरबाईंचे नऊ दिवस

दवाखान्यातलं टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी बाईंचं नाव काही बदललं नाही. आता त्या दवाखान्याचा सर्व्हर सांभाळायच्या. पण मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी त्या ऑपरेटरबाईच. एक्स्चेंज गेलं तेव्हा नोकरीही जायची, पण कुणीतरी विचारलं, "कॉम्प्युटर शिकता का?" बाईंनी मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं आणि पदरी लहान मुलगी असताना नेटाने शिकल्या.

त्या सर्व्हरवर केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळंच असे. एका सोमवारी सकाळी तो आपोआप बंद पडला आणि आपोआप सुरूही झाला. तेवढी दहा मिनिटं वॉर्डांतले सगळे कॉम्प्युटर नुसते बघत बसले. दुपारी पुन्हा तेच. मंगळवारी तीनदा.

बाईंनी पदर खोचला. सर्व्हरच्या आत साचलेली धूळ काढली, मेमरी बदलून पाहिली, पॉवर सप्लायही नवा बसवला. तरी सर्व्हर आपल्या मनाला येईल तेव्हा मान टाकायचा. तो स्वतःची नोंदवही ठेवत असतो. तीही त्यांनी वाचून काढली. बंद पडण्याआधी तिथे एक अवाक्षर नव्हतं. बोलता बोलता कुणीतरी फोन तोडावा, तसं. म्हणजे वीजच जात असणार. पण वीज गेली तर सर्व्हरला बॅटरीवर चालवणारा यूपीएस त्याच्या खालीच ठेवलेला होता, आणि त्याचा हिरवा दिवा अगदी शहाण्यासारखा तेवत होता. बाईंनी हात टेकले. बंद पडण्याच्या वेळा तेवढ्या एका कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीच्या दाराला चिकटवल्या.

घरी सासूबाई विचारायच्या, "आज कितीदा फिट आली तुझ्या पेटीला?"

"तीनदा."

"मग आधी जेवून घे. तू पडलीस तर तुला कोण चालू करणार?"

तिकडे वॉर्डांतल्या नर्सेस रिपोर्ट हाताने लिहीत होत्या, जिने चढून पोचवत होत्या. कुणी बाईंना टोचून बोललं नाही. ते न बोलणंच त्यांना जास्त लागत होतं.

नवव्या दिवशी लाँड्रीतले काका धुतलेल्या चादरी घेऊन त्या मजल्यावर आले. दारावरचा कागद पाहून थबकले.

"बाई, या वेळा तर माझ्या आहेत!"

"तुमच्या कशा?"

काकांनी खिशातली वही काढली. लाँड्रीत नुकतंच कपडे वाळवायचं मोठं मशीन आलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी कधी लावलं हे काका लिहून ठेवत. दोघांनी वही आणि कागद शेजारी धरले. सगळ्या वेळा जुळल्या.

"ते चालू केलं की एवढी वीज खेचतं, आमचा दिवासुद्धा डोळा मारतो," काका म्हणाले.

बाईंनी सगळ्या वॉर्डांना फोन करून कॉम्प्युटरवरचं काम थांबवायला सांगितलं. मग काका खाली गेले आणि फोनवर आले, "लावू?"

"लावा!"

सर्व्हरचा पंखा थांबला. सर्व्हर बंद पडल्याचा आनंद बाईंना पहिल्यांदाच झाला.

पण मग यूपीएस काय करत होता? बाई चष्मा लावून, टॉर्च घेऊन मागे गुडघ्यांवर बसल्या. यूपीएसला सॉकेटच्या दोन रांगा होत्या: एक बॅटरीवर चालणारी, दुसरी भिंतीतली वीज तशीच पुढे देणारी. सर्व्हरचा प्लग दुसऱ्या रांगेत होता. गेल्या महिन्यात खोलीला रंग दिला तेव्हा सगळे प्लग बाईंनीच काढून परत लावले होते, तेही चष्मा न लावता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

प्लग बदलला. काकांनी मशीन पाच वेळा लावलं. पंखा घुमतच राहिला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

त्या तडक अधीक्षक मॅडमकडे गेल्या. "मॅडम, चूक माझीच होती."

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग रागावू कशाला? त्या रांगांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याचं चुकणार नाही."

बाईंनी आधी जाऊन दोन्ही रांगांवर ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. संध्याकाळपर्यंत त्या प्रत्येक वॉर्डात जाऊन आल्या, जिच्या तिच्या समोर उभं राहून चूक सांगितली आणि आभार मानले. एका नर्सने तर हसत पोटरी दाबून दाखवली, "जिन्याने माझं वजन उतरलं, बाई!"

शेवटी त्या लाँड्रीत गेल्या. "काका, तुमची वही नसती तर मी अजून चाचपडत असते."

काका संकोचले. "सगळे हसतात हो त्या वहीला. म्हणतात, मशीनची कुंडली मांडतोय."

"हसू देत. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? ही टोकं धरा," म्हणत काकांनी चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. चादर अजून गरम होती. बाई दोन पावलं मागे सरल्या, चादर ताणून धरली, आणि टेबलावरचा ढीग संपेपर्यंत दोघं घड्या घालत राहिले.