रांगत येणारे भाऊ

"बाई, थोडं सरका," म्हणत ते दारातच गुडघे टेकायचे आणि रांगत आमच्या घरात शिरायचे. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस! पहिल्या दिवशी माझी लेक हसून लोळली आणि सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

माजरीच्या आमच्या वसाहतीत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. उभी हयात कोळशाच्या खाणीत गेली. खाली उतरलं की आधी छत ठोकून पाहायचं, मग कामाला हात लावायचा, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर डोक्यावरचं छत पक्कं झालं, तेव्हा ते जमिनीकडे वळले. ज्या घरी लेकरू रांगायला लागलं, तिथे भाऊ हजर. "लेकरू जिथून पाह्यते, तिथूनच पाहा लागते," म्हणायचे.

आमच्या पलंगाखालून त्यांनी काय काय काढलं ते विचारू नका. कानातल्याची फिरकी, खेळण्यातला गोल सेल, शिवाय पाण्याच्या बाटलीत भरलेलं फिनेल. चहा होईपर्यंत ते त्या मालाकडे असे बघत बसले, की लाजेने मी चहात साखर घालायची विसरले.

मोरीपाशी मात्र त्यांचं सासूबाईंशी वाजलं. थंडीत आम्ही बादलीत रॉड टाकून पाणी तापवायचो. बादली जमिनीवर, दार सताड उघडं.

"दाराले वरून कडी लावा," भाऊ म्हणाले.

"आमची लेकरं बिना कडीची वाढली नाई का?"

"वाढली ना, माय. तुमची नजर होती. पण नजरेले बी शिंक येते."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कडी ठोकून गेले. सासूबाईंनी चहासुद्धा विचारला नाही.

पुढे एका सकाळी दूध उतू गेलं म्हणून मी धावले. परत येऊन पाहते तर लेक पहिल्यांदाच उभी राहिलेली, मोरीच्या बंद दाराला धरून, ते बडवत. आत पाणी उकळत होतं. कडी सासूबाईंनी लावली होती, कुणाला न सांगता. मी लेकीला पोटाशी धरून रडले.

भाऊंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "उभी राह्यली? मंग आता टेबल पाहा लागन," म्हणत ते कमरेत वाकले.

गेल्या वर्षी भाऊ गेले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला सगळी वसाहत लोटली. बुटक्या स्टुलावर त्यांचा फोटो, समोर पेटत्या मेणबत्त्या, आणि भोवती रांगणारी लेकरं. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आतच सासूबाई उठल्या. फोटो आणि मेणबत्त्या त्यांनी उंच कपाटावर नेऊन ठेवल्या. भाऊंची सून बघतच राहिली.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "वरून भाऊले सारी लेकरं दिसतीन."