खड्ड्याच्या दोन बादल्या

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनात मी कामाले होतो. काम काय, तं खड्ड्याले पाणी पाजणं. वीज नवीनच आलती. मशिनीपासून तांब्याची पट्टी नेऊन खड्ड्यात पुरलेली, भोवती मीठ अन् कोळसा. मशिनीच्या अंगात वीज उतरली तं ते पट्टीनं जमिनीत जाते, अन् भिंतीवरच्या डब्यातला रिले टक् करून लाईन तोडते. पण जमीन ओली पायजे. म्हणून रोज दोन बादल्या. माह्यासारख्या अंगठेबहाद्दराले याच्यावर कोन काम देईन?

वायरमन माहा जिगरी दोस्त. त्यानंच मले चिकटवलं. म्हणे, "अकलेचं काम नाई लेका, म्हणून तुले ठेवलं."

चैतात विहीर तळाले गेली. दोनच बादल्या निघत. त्या मी कापूस निवडणाऱ्या बायांच्या माठात ओतू लागलो. तिथं मी नकला करू, बाया पोट धरून हासत. खड्ड्यापाशी कोन हासते?

मंग शहरातून टेस्टिंगवाले साहेब आले. पेटीतून रिलेत करंट सोडला. टक्. लाईन तुटल्याची लाल पत्ती पडली.

"रिले चोख आहे. खड्ड्याला पाणी घालता ना?"

वायरमननं माह्याकडं पायलं.

मी म्हटलं, "साहेब, मी उपाशी राहीन, पण खड्ड्याले तहानलेला नाई ठेवणार."

सारे हासले. वायरमनही हासला.

तिसऱ्या दिवशी त्यानं चालू मशिनीले हात लावला. भरवशानंच लावला. हात सुटला नाई. मी खटका ओढेपर्यंत तो गेलता. लाल पत्ती जागची हालली नव्हती.

साहेब परत येऊन राह्यले, असं समजलं. मी बायांचे सारे माठ उचलून खड्ड्यात रिते केले. जमीन घटाघटा पेली. साहेबानं पेटी लावली. टक्. फरशी उचलून खड्डा पायला. ओला.

आठ दिवसानं वैनी त्याची पक्कड न्याले आल्या.

"भाऊ, पाणी टाकत होते ना तुमी?"

"रोज, वैनी."

"मंग याईचंच काई चुकलं असन," म्हणत त्याईनं पक्कड पदरात गुंडाळली अन् गेल्या.

जल्मभर सारं सोताच्या अंगावर घेऊन लोकाईले हासवत आलो. तेवढं एक त्याच्या अंगावर जाऊ देलं.