तीन गोळ्यांचा मुराळी

आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एकाएकी लेखणी उचलून वाचकांचा वेळ घ्यावा, हे धारिष्ट्यच आहे आणि त्याबद्दल मी आरंभीच क्षमा मागतो. माझ्याजवळ सांगण्यासारखा अनुभव एकच आहे. त्यातही बराच वेळ मी झोपलेलो होतो.

मला गाडी लागते. जळगावच्या स्थानकात उभ्या असलेल्या एसटीचा नुसता वास आला, तरी माझ्या पोटात हालचाल सुरू होते. (एकदा तर मला वेळापत्रक वाचतानाच मळमळले होते!) त्यामुळे मंगलच्या लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी आणण्यासाठी मुराळी म्हणून मी जावे असे ठरले, तेव्हा घरात आनंदापेक्षा चिंताच अधिक पसरली. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. मंगल माझी धाकटी बहीण. तिचे सासर धुळ्याच्या पुढे एका खेड्यात, नवरा लष्करात, आणि घरात सर्वाधिकारी तिचे सासरे आबा. ते माळकरी होते आणि स्वभावाने बाभळीच्या काट्यासारखे. मुराळ्याला जेवू घालायचे, मग स्वतःच्या हाताने त्याच्या ओच्यात नारळ घालायचा आणि त्यानंतरच सून पाठवायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. आबांच्या हातून नारळ मिळाला नाही, तर सून निघत नसे. इकडे आईने तर परसातल्या लिंबाला मंगलसाठी झोकाही बांधून ठेवला होता.

मी डॉक्टरांकडे गेलो.

"ही मुळात ॲलर्जीच्या औषधांच्या कुळातली गोळी आहे," ते म्हणाले. "मळमळ थांबवते, पण झोप आणते. निघण्यापूर्वी अर्धा तास, एकच. पुढची आठ तासांच्या आत नाही. एकदा उलटी सुरू झाल्यावर घेतलीत तर गोळी बाहेर पडेल आणि तुम्ही गाडीत राहाल! स्कूटर चालवायची नाही. दारू तर मुळीच नाही."

"मी घेत नाही," मी लाजत म्हणालो.

"आणि ही तुमच्यासाठी दिली आहे. दुसऱ्या कोणाला वाटायची नाही."

मी सर्व सूचना वहीत उतरवून घेतल्या, खाली रेघही मारली. दहा गोळ्यांची पट्टी देवघराच्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेसहाला, सातच्या गाडीच्या हिशेबाने, एक गोळी घेतली. पट्टीतल्या दोन खाचा आधीच रिकाम्या दिसल्या. दुकानदाराने आठच गोळ्या दिल्या असाव्यात, असा निष्कर्ष मी काढला. (आयुष्यभर मुलांना सिद्धता शिकवणाऱ्या माणसाचा निष्कर्ष!) दुकानात जाऊन तसे बोलण्याचे धाडस माझ्यात नव्हतेच. पट्टी खिशात घातली.

उंबरठ्यावर आई उभी होती. एका हातात पेला, दुसऱ्या हातात गुळाचा खडा, आणि त्या खड्यात रुतवलेली एक गोळी.

"आई, मी मघाशीच..."

"तोंड उघड."

"अगं, पण..."

"आ कर!"

माझ्या आईने मला लहानपणापासून औषध याच पद्धतीने दिले आहे. 'पण' म्हणायला तोंड उघडले, की औषध आत गेलेले असायचे. तोंडाला चव राहावी म्हणून तिने वर दोन लवंगा चघळायला दिल्या. आणखी चार पुडीत बांधल्या.

स्थानकावर नाना आले होते. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घराण्यात नानांना कोणी कधी 'नाही' म्हटलेले नव्हते. वडिलांनीही नाही. नानांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची घडी काढली, ती उलगडली आणि आत काय होते हे मला वेगळे सांगायला नको.

"तू विसरशील हे ठाऊक होतं मला. म्हणून रात्रीच देवघरातल्या पट्टीतून काढून ठेवली. घे."

"नाना, ती..."

"बोलू नकोस. गाडी सुटेल. गिळ!"

मी गिळली. घेतली आहे, एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. ते घशात आले आणि गोळीबरोबर खाली गेले.

एरंडोल गेलेले मला ठाऊक नाही. पारोळा गेलेले ठाऊक नाही. कोणीतरी खांदा हलवला तेव्हा कानावर पडले, "मास्तर, धुळं उनं! उतरा." मळमळ मात्र अजिबात झाली नव्हती. औषधाची ख्याती खरी होती! पुढची गाडी कोणी दाखवली, तिकीट कोणी काढले, हे आजतागायत गूढ आहे. मंगलच्या दारात पोहोचलो तेव्हा ओटा मला तिरपा दिसत होता, आणि जीभ तोंडात वाळलेल्या चामड्यासारखी पडली होती.

आबा खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

गावातल्या लोकांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे, प्रथम आबा गहिवरले. हल्लीच्या शिकलेल्या पोरांत एवढी लीनता! त्यांनी आशीर्वाद दिला. मी उठलो नाही. त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला.

"उठ रे भाऊ. दिधा ना आशीर्वाद."

उत्तरादाखल मी घोरलो.

"हाऊ ते पियेल शे!" आबा ताडकन पाय काढून घेत ओरडले. माझे कपाळ जमिनीवर आपटले आणि मी जागा झालो. आबांच्या पत्नी अक्का धावत आल्या.

"पाणी..." मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता. तांब्या रिकामा केला. पुन्हा मागितले. तिसऱ्या तांब्याला शेजारची माणसे ओट्याखाली गोळा झाली. डोळे लाल, पाय लटपट, जीभ जड आणि तहान संपत नाही. पुराव्यात उणे ते काय राहिले!

"वास दखा ना त्याना," कोणीतरी सुचवले.

अक्कांनी नाक जवळ आणले. "लवंगना वास येस."

"दखा!" आबा गरजले. "वास लपाडाकरता लवंग खादी यानी! पक्का शे!"

मंगल बाहेर आली. नवी साडी नेसलेली, हातात बॅग. "आबा, मन्हा भाऊ पेत नही! त्याले गाडी लागस!"

"दारुड्याना हाते मी सून धाडाव नही. ताट आत ली जा."

आमरसाचे ताट माझ्यासमोरून आत गेले. मंगलने बॅग खाली ठेवली. त्या बॅगेकडे पाहून मला जेवढी जाग आली, तेवढी तिसऱ्या तांब्यानेही आली नव्हती. मी खिशातून पट्टी काढली आणि शक्य तितक्या शुद्ध मराठीत झालेला प्रकार निवेदन केला.

"कितल्या गोळ्या?" आबांनी विचारले.

"तीन."

"कोनी कोनी दिध्यात?"

"एक मी. एक आईने. एक नानांनी."

"अन् तू तिन्ही गियनास? तोंड नव्हतं का तुले?"

(हा प्रश्न पुढे मला अनेकांनी विचारला.) आबांनी पट्टी हातात घेतली, उन्हात धरली, हरभऱ्याचा दाणा पारखावा तशी एक गोळी फोडून पाहिली. "इतलीशी गोळी माणूस आडवा करस? मी घेस. मी झोपनू ते तू खरा. जागा राह्यनू ते तू खोटा."

"आबा, डॉक्टरांनी दुसऱ्याला द्यायची नाही असं..."

"तू माले ना म्हनस?"

"नाही, नाही!" मी घाईने म्हणालो. आणि आबांनी गोळी गिळली.

आबा ओट्यापुढे बांधलेल्या अखाजीच्या झोक्यावर ताठ बसले. गाव खाली बसले. परतीची गाडी तीनला होती. पंधरा मिनिटे झाली. आबा टाळ घेऊन भजन म्हणू लागले. अर्धा तास झाला. आवाज खणखणीत! मंगल खांबाआडून माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यात प्रथमच एका वडीलधाऱ्या माणसाला झोप लागावी म्हणून देवाचा धावा करत होतो.

"दख," पाऊण तासाने आबा विजयी मुद्रेने म्हणाले, "दख, मी कसा टकटकीत जागा..."

टाळ मांडीवर पडला. मान छातीवर गेली. झोका आपोआप मंद होत थांबला.

"खरा शे रे मास्तर!" सारा ओटा ओरडला. माझी अब्रू वाचली होती. पण अडीच वाजले होते, आणि नारळ देणारे हात झोपले होते! उठवण्याचे धाडस कोणालाच होईना. चौघांनी त्यांना अलगद खाटेवर कुशीवर निजवले. अक्कांनी नाकाशी बोट धरून श्वास पाहिला, हाक मारली. आबांनी "हं" केले आणि पुन्हा घोरू लागले. मी शेजाऱ्यांना त्यांच्याजवळून हलू नका, असे विनवले.

मग अक्का आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. त्यांनी तो आबांच्या तळहातावर ठेवला, वरून आपली बोटे घट्ट आवळली, तो हात उचलला आणि नारळ माझ्या ओच्यात सोडला.

"आबानी सोताना हाते नारळ दिधा," त्या शांतपणे म्हणाल्या. "बठ्ठास्नी दखं ना?"

"दखं!" गाव म्हणाले.

"मन्हा भाऊ येवाना तवय हाऊ दर साल म्हने, पुढला साल धाडस," त्या मंगलच्या कानाशी म्हणाल्या. "पय आते!" आणि तिला गाडीच्या दिशेने ढकलले.

परतीच्या गाडीत मंगलने पट्टी स्वतःच्या बटव्यात टाकली. आठ तास होत आले होते, पण तीन गोळ्यांवर चौथी ती देणार नव्हती. मला पुढच्या आसनावर खिडकीशी बसवून "लांब बघत राहा," असे बजावले. मी लांब बघता बघता तिच्या खांद्यावर झोपलो. जळगावच्या स्थानकावर नानांना दिसले ते असे: मंगलच्या एका खांद्यावर बॅग, काखेत नारळ, आणि दुसऱ्या हाताने कोपराला धरून उतरवलेला मी.

"मुराळी कोण गं तुमच्यात?" नानांनी विचारले.

डॉक्टरांनी मात्र दोन दिवसांनी मला उभेच ठेवले. "उतारवयात आधी विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायची नसते! डोळ्यांचा, लघवीचा त्रास असला तर? औषध तुमच्यासाठी दिलं होतं, गावासाठी नाही!" सुदैवाने आबा संध्याकाळीच उठून बसले होते, आणि अशी झोप स्वतःच्या लग्नापासून लागली नव्हती, असे म्हणाले होते. पुढच्या अखाजीला त्यांचे कार्ड आले: 'मुराळी जागा असलेला पाठवावा.'

आता मी पासष्टीला आलो. मंगलकडे जायला आम्ही आत्ता निघतो आहोत. साडेसहाला मी, डॉक्टरांना विचारूनच, गोळी घेतली, वहीत वेळ लिहिली आणि निघेपर्यंत हे टिपण पुरे करायला बसलो. सूनबाई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन दारात उभी आहे. "बाबा, आ करा," म्हणते आहे.

तिला कसे सांगावे, हे आपण सांगाल का?