ग्रे हॅट की ब्लॅक हॅट

बीडमध्ये एका खताच्या दुकानावर आमची खोली होती. मी आणि माझा भागीदार, दोघंच. लोकांच्या वेबसाइट सर्च इंजिनमध्ये वर आणून द्यायच्या, हा धंदा. निम्म्या गावाला वाटायचं, आम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी रोज या धंद्यातल्या लोकांचे इंग्रजी फोरम वाचायचो आणि तिथला एकही शब्द भागीदाराला चुकीचा वापरू द्यायचो नाही. शब्दांच्या बाबतीत मी भारी खडूस. कामाच्या बाबतीत तेवढा असतो तर बरं झालं असतं.

युसूफ वडगाव या गावचे एक काका पेरणीयंत्रं बनवायचे. त्यांची साइट आम्ही पहिल्या पानावर आणली आणि त्यांना परराज्यातून फोन येऊ लागले. मग मृगाला महिना उरला असताना, ऐन ऑर्डरींच्या दिवसांत, साइट गायब झाली. कितीही पानं उलटा, कुठेच नाही. काका दुपारी येणार होते. त्यांना द्यायच्या रिपोर्टात काय लिहायचं, यावर आमची सकाळपासून जुंपली होती.

"पेनल्टी लिही," भागीदार म्हणाला.

"पेनल्टी म्हंजी शिक्षा. ही शिक्षा न्हाई, नुसतं चाळून बाजूला काढलंय, फिल्टर म्हणतेत त्याला. अन् आपण केलं ते ग्रे हॅट हाय."

नियमात बसतं ते व्हाइट, फसवाफसवीचं ते ब्लॅक, आणि पकडलं जाईपर्यंत खपून जातं ते ग्रे.

"कालपरवापर्यंत ग्रे व्हतं बे. आता त्याच फोरमवर त्याला ब्लॅक हॅट म्हणायलेत. तूच वाचून दाखवलं."

तो खरं बोलत होता, म्हणून मी जास्तच भडकलो. रिपोर्ट कोराच राहिला.

काका आले आणि पाणीसुद्धा न घेता खुर्चीच्या कडेला बसले. मी सुरू केलं: बॅकलिंक, अँकर टेक्स्ट, अल्गोरिदम अपडेट. घाम फुटला की माझं इंग्रजी वाढतं. त्यांनी हात वर केला.

"बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतेत. धन्याला कळू न्हाई म्हणून. तुमचा रुमाल काढा अन् सांगा, काय केलं?"

भागीदाराने कोरा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. सांगणं मलाच भाग होतं.

"आमी खोट्या नावांनी ढीगभर साइटी काढल्या. त्यांच्यावर शेतकरी बनून तुमच्या यंत्राची तारीफ लिहिली अन् तिथून तुमच्या साइटकडं दुवे दिले, त्यालाच बॅकलिंक म्हणतेत. सर्च इंजिननं ती लबाडी पकडली अन् साइट काढून टाकली."

मराठीत ते तेवढ्यातच संपलं. मला स्वतःची लाज वाटली.

"शेतकरी बनून," काका म्हणाले. "माझ्या यंत्रावर. मला न इचारता."

"हो."

"परत कवा दिसंल?"

"सगळं काढून, त्यांच्याकडं अर्ज करून... तवर पेरण्या उरकतेत, काका."

ते उठले. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

"गेल्या दिवाळीला मी इचारलं व्हतं, हे ब्याकलिंक म्हंजी काय असतंय. तुमी म्हणलात, काका, तुमाला न्हाई कळायचं." दाराशी ते थांबले. "आज लगेच कळलं की."