अमावस्येचा भागाकार

लेकीला शाळेत तिसऱ्यांदा फीट आली, तेव्हा मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, तब्येत सुधरेपर्यंत घरीच ठेवा, परीक्षेला तेवढी आणा. ती पाचवीत होती. मी बी.ए. झालेला, तेलंगणातल्या बेल्याकडच्या एका गावात कापूस पिकवणारा माणूस. म्हटलं, मीच शिकवतो. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना बजावलं होतं, झोप पुरी होऊ द्या, डोक्याला ताण नको. मी ते बायकोला नीट समजावून सांगितलं आणि स्वतः विसरलो.

सकाळी दोन तास, मग शेत, संध्याकाळी परत दोन तास. रविवार नाही, सण नाही. पोळ्यालासुद्धा आम्ही विज्ञानाचा धडा उरकला. वाटायचं, एक दिवस सोडला तरी ती मागे पडेल, आणि आता मागे पडली तर बोल मला लागेल. तिच्यापेक्षा मला माझीच काळजी जास्त होती.

बायको एकदा म्हणाली, "शाळेतल्या मास्तराले रविवार असते. तुमी कोन्या सरकारचे मास्तर हाये, सुट्टीच नाई?"

मी पुढचा धडा उघडला. कापसाची वेचणी सुरू झाली, तसा मी पुस्तकावरच पेंगायला लागलो. लेक थांबून राहायची. मी दचकून जागा झालो की तिच्यावरच खेकसायचो.

आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत. रानात कितीही कापूस असो, मी हे पाळतो. त्या अमावस्येला बैलगाडी सोडून ठेवलेली, मला काम नव्हतं, म्हणून मी लेकीला सकाळपासूनच भागाकाराला बसवलं. उन्हं वर आली तरी उठू दिलं नाही.

"बैलं बसले हायेत गोठ्यात. तिलेबी सोडा आज," बायको चुलीजवळून म्हणाली.

"बैलाची परीक्षा नसते," मी म्हणालो.

चौदाशे अठ्ठावीस भागिले सात. तिनं लिहिलं, दोनशे चार. मला मधलं शून्य दिसलं आणि डोकं तडकलं.

"हे शून्य कुठून आनलं?"

"येते ना बाबा."

मी पट्टी उचलली आणि तिच्या हातावर दोनदा मारली. त्याआधी मी तिला कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही. तिनं खोडरबर घेतलं, उत्तर पुसलं आणि चोवीस लिहिलं. मी त्यावर बरोबरची खूण केली.

ती जेवायला उठल्यावर बायकोनं वही उचलली. ती सातवी शिकलेली. म्हणाली, "चोवीस साती एकशे अडुसष्ट होतात. याचे चवदाशे कसे होतीन?"

मी कडेला पुन्हा मांडून पाहिलं. दोनदा. दोनशे चारच येत होते.

लेकीला विचारलं, "तुले मालूम होतं ना?"

"हो."

"मंग काऊन खोडलं?"

"तुमी थकले होते, बाबा."

तिसऱ्या दिवशी तिला फीट आली. डॉक्टर म्हणाले, याचा त्याच्याशी संबंध जोडू नका. मी जोडतो.

आता बायकोनं ठरवून दिलंय. बुधवार, रविवार आणि अमावस्या, मी वहीला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून उगाच घड्याळ बघत राहिलो. नंतर झोप यायला लागली, खेकसणं कमी झालं. घरी शिकवणाऱ्या कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, थकायच्या आधी वहीपासून उठा. मी उशिरा उठलो.

सुट्टीच्या दिवशी ती आपल्या मनानंच चार-दोन गणितं सोडवते. ती पानं मी दुसऱ्या दिवशी पाहतो. त्यांवर कुठे खाडाखोड नसते.

परवा मी समोर बसलो होतो. तिनं उत्तर लिहिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. उत्तर बरोबर होतं. मी मनात पडताळा करत होतो, म्हणून लगेच बोललो नाही. तेवढ्यात तिनं ते खोडून टाकलं.