मल्लेश्वरममधला परकीय हात

बंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये परकीय शक्तींनी प्लेगचे उंदीर सोडले, तेव्हा मी आंघोळ करत होतो.

हे मला मागाहून चारचौघांत सिद्ध करावं लागलं, म्हणून आधीच सांगून टाकतो. (साक्षीदार नव्हता. आंघोळीला साक्षीदार ठेवायची पद्धत आमच्या निपाणीकडे नाही.)

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. गुजरातेत प्लेग आल्याची बातमी टीव्हीवर झळकली आणि इकडे बंगळुरात लोकांनी नाकाला रुमाल बांधले. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब! बसमध्ये कोणी शिंकलं की अर्धी बस पुढच्या स्टॉपला उतरायची. इथपर्यंत माझी तक्रार नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. पण मग लोकांनी दुसराच प्रश्न धरला: हे केलं कोणी? आणि ज्याला त्याला उत्तर ठाऊक! माझ्या संतापाला सुरुवात झाली ती तिथून.

कारण मी सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर होतो. आमच्या घरात माझ्याआधी सातवीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. गावच्या हायस्कुलात एकच सूक्ष्मदर्शक होता, त्याचा आरसा फुटका. विज्ञानाच्या गुरुजींनी त्या जागी दाढीचा आरसा बसवून आम्हाला कांद्याची साल दाखवली आणि माझं आयुष्य मार्गी लागलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्यांच्याच कृपेनं मी बंगळुरात एका आइस्क्रीमच्या कारखान्यात जंतू मोजत होतो. अशा माणसाला न विचारता लोक प्लेगवर मतं देत होते! राग येणार नाही तर काय?

सगळ्यांत पुढे होते समोरच्या घरातले मूर्ती. निवृत्त इंजिनियर. सकाळी दूध आणायला बाहेर पडायचे आणि प्रत्येक फाटकाशी थांबून देशाची सुरक्षा सांभाळायचे.

"हे आपोआप आलेलं नाही, सदाशिव. फुग्यातनं जंतू सोडलेत."

"सर, प्लेगचे जंतू फुग्यातून येत नाहीत. उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतात."

"मग फुग्यातनं उंदीर सोडले असतील," मूर्ती शांतपणे म्हणाले आणि दूध घेऊन पुढच्या फाटकाकडे गेले.

औषधवाल्याच्या मते हे औषध कंपन्यांचं काम होतं. (हे तो टेट्रासायक्लिन संपल्यावर म्हणू लागला.) आणि आमचे घरमालक बाबूरावअण्णा यांच्या मते हे काम होतं, "आणि कोणाचं? बाहेरच्या लोकांचं!"

बाबूरावअण्णांचे पूर्वज मराठा फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले ते राहिलेच. त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे त्यांच्यानंतर आलेले सगळे त्यांच्या हिशेबी बाहेरचे. पण मी पदवीधर आणि वर मराठी बोलणारा, म्हणून त्यांनी मागच्या दोन खोल्या मला दिल्या होत्या. त्याआधी मी चिकपेटेच्या बाजारात एका कापड दुकानाच्या माळ्यावर साड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी झोपत असे. या दोन खोल्या मिळाल्या म्हणूनच आईला गावाहून आणता आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली माझी आई पहिल्यांदाच नळाच्या पाण्यानं भांडी घासत होती. ते घर माझ्यासाठी काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

आईला मी पहिल्याच दिवशी समोर बसवून सगळं शास्त्र समजावलं.

"आई, घरात एक उंदीर राहता कामा नये!"

"बरं."

"आणि मारलास तर खबरदार! उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उडून माणसाच्या अंगावर येतात. मेलेला उंदीर जिवंत उंदरापेक्षा वाईट!"

"बाई, बाई! मारायचा न्हाई आन ठेवायचा बी न्हाई." आईनं मान डोलावली. "कळलं बग. गणपतीचं वाहान हाय, त्येला मारतंय कोण?"

एवढी समजूतदार श्रोती मला पुढे कधी मिळाली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच गल्लीत खळबळ उडाली. पलीकडच्या क्रॉसच्या (बंगळुरात आडव्या गल्लीला क्रॉस म्हणतात) तोंडाशी रोज सकाळी एक उंदीर फिरताना दिसू लागला. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या मधोमध, नुकताच बसमधून उतरलेल्या पाहुण्यासारखा इकडे तिकडे बघत! आणि त्याची शेपटी अर्धी तुटलेली.

"तुटलेली नव्हे, कापलेली!" मूर्ती म्हणाले. "प्रयोगशाळेतली खूण आहे ती. परदेशात असंच करतात."

प्रयोगशाळा हा शब्द निघाला आणि मला राहवलं नाही. रविवारी अण्णांच्या व्हरांड्यात सगळे जमले, तेव्हा मी आपणहून उभा राहिलो. (मला कोणी बोलावलं नव्हतं, हे कबूल.) कन्नडात बोललो, पण काय बोललो ते मराठीत सांगतो. जंतू, पिसू, उंदीर, माणूस अशी सगळी साखळी उलगडून दाखवली. लोक तोंडावरचे रुमाल खाली करून ऐकू लागले. कोणीतरी टाळी वाजवली. गावच्या हायस्कुलात वक्तृत्वाला मला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस मिळालं नव्हतं हो! माझ्या डोक्यात हवा गेली.

"आता हे कोणी केलं याचाही शास्त्रीय विचार करू," मी म्हणालो. (कशाला म्हणालो?) "फुगेबिगे विसरा. हे करणारा माणूस शिकलेला असणार. जंतूंची माहिती असलेला."

"बरोबर!" मूर्ती म्हणाले.

"प्रयोगशाळेत त्याची रोज ऊठबस असणार. तो या भागात नवा असणार. बाहेरून आलेला!"

"सरी, सरी! अगदी बरोबर!" बाबूरावअण्णा खूश.

"वरवर साधा, मान खाली घालून जाणारा. कोणाला संशय येणार नाही असा. बहुतेक भाड्यानं राहणारा..."

एवढं बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, की टाळ्या थांबल्यात. मूर्ती माझ्याकडे बघत होते. औषधवाला माझ्याकडे बघत होता. हळूहळू सगळ्यांनी रुमाल पुन्हा नाकावर चढवले.

"सदाशिव," मूर्ती म्हणाले, "रोज सकाळी सहाच्या सुमाराला तुम्ही कुठं असता?"

"आंघोळीला!"

"कोणी बघितलं?"

अहो, काय हा प्रश्न! चिमणीच्या उजेडात अभ्यास करून, दुसऱ्याची पुस्तकं मागून आणून मी ती पदवी मिळवली होती ती काय यासाठी? मी तावातावानं बोललो. जंतू सोडणं हे माझं काम नाही, मी जंतू मोजतो, असं ओरडून सांगितलं. त्याचा परिणाम उलटाच झाला.

"म्हणजे मोजायला घरी आणत असशील," औषधवाला म्हणाला.

सभा उठल्यावर बाबूरावअण्णा मला बाजूला घेऊन गेले. आदल्या दिवसापर्यंत मी सदाशिवराव होतो.

"हे बघ सदाशिव, मी तुला काय म्हणत नाही. पण लोक माझ्या तोंडाकडे बघून राहिलेत. पुढच्या आयतवारपर्यंत खरा माणूस कोण ते दाखव. नाही दाखवलास तर खोली सोड. आईंना बेजार नको."

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती नळाखाली भांडी घासत गुणगुणत होती. चिकपेटेतल्या त्या माळ्यावर आईला नेणं शक्य नव्हतं. खोली गेली तर ती गावी परत जाणार, पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात. मी दात-ओठ खात ठरवलं: त्या हरामखोर हेराला मी स्वतः पकडणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला जातो म्हणून बादली भरली, नळ सुरूच ठेवला आणि मागच्या दारानं सटकलो. पलीकडच्या क्रॉसच्या कोपऱ्यावर सोनचाफ्याचं झाड होतं. त्याच्यामागे मी आणि साक्षीला बोलावलेले बाबूरावअण्णा आणि मूर्ती असे तिघं दबा धरून बसलो. मूर्तींनी क्रिकेटची बॅट आणली होती.

"हेराजवळ पिस्तूल असलं तर?" अण्णा कुजबुजले.

"मी आहे ना!" मूर्ती म्हणाले आणि माझ्यामागे सरकले.

तेवढ्यात हेर आला. डोक्यावरून पदर घेतलेला. हातात फुलांची पिशवी. इकडे तिकडे बघत तो दिव्याच्या खांबाशी थांबला, पिशवीतून लाकडी पिंजरा काढला, जमिनीवर ठेवला, दार उघडलं आणि उंदराला हात जोडून नमस्कार केला.

"जा बाबा. सुखानं ऱ्हा. पुन्यांदा येऊ नगंस."

मी झाडामागून बाहेर आलो.

"आई!"

"आंघूळ झाली तुजी?" आई म्हणाली. "नळ बंद केलास का न्हाई?"

"तू... तू उंदीर सोडतेस?"

"मग? तूच म्हनलास न्हवं? घरात ठेवायचा न्हाई, मारायचा बी न्हाई. आपल्या गल्लीत सोडला तर लगीच परत येतोय. म्हून हितं आनती." मग तिनं आवाज खाली आणला. "पन लई चिवट हाय हे. रोज सोडती, रोज पिंजऱ्यात. श्यापूट बी दारात चेंगरून घेतलं बग यानं."

"रोज हाच?"

"तर! मी काय त्येला वळकत न्हाई?"

मूर्तींनी बॅट खाली ठेवली. अण्णा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मला चिकपेटेतला माळा स्पष्ट दिसत होता.

"सदाशिव, झालं मग. आता मी काय..."

"अण्णा, पिंजरा तेवढा अक्कांना परत द्यायचा हाय," आई मध्येच म्हणाली. "आज शनवार... न्हाई, सोमवार. आज त्यांची पाळी व्हती. पन त्यांचं गुडघं दुखायलंत म्हून मीच आली."

"कोण अक्का?" अण्णांनी विचारलं.

"शांताक्का की! तुमच्या मंडळी. पिंजरा त्यांचाच न्हवं का? ही जागा बी त्येंनीच दावली. म्हनल्या, लग्न होऊन आल्यापासनं हितंच सोडते."

तीनशे वर्षं बंगळुरात असलेल्या घराण्याची सून परकीय शक्तींना सामील होती! पण अजून संपलं नव्हतं. त्या क्रॉसमधल्या एका घराचं दार उघडलं आणि एक जाडजूड कन्नड बाई हातात तारेचा पिंजरा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गटाराच्या कडेला बघितलं, शेपूटतुट्याला खाण्याचं आमिष दाखवून सराईतपणे आत घेतलं आणि आमच्या क्रॉसच्या दिशेनं चालू लागल्या.

"अहो बाई!" मी कन्नडात ओरडलो. "कुठं नेताय त्याला?"

"तुमच्या क्रॉसमध्ये," बाई न लाजता म्हणाल्या. "तिकडूनच येतो मेला. आमची सासू होती तेव्हापासून आम्ही तिकडंच सोडतो."

म्हणजे सबंध मल्लेश्वरम ज्या उंदरांच्या फौजेला घाबरून नाकाला रुमाल बांधून हिंडत होतं, तो एकच उंदीर होता! दोन क्रॉसमधल्या बायका त्याला रोज एकमेकींकडे पोचवत होत्या.

आम्ही तिघं घरी परतलो. फाटकाशी आल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सदाशिवराव," ते म्हणाले.

राव परत आले, तेव्हाच मला कळलं की खोली वाचली.

"स्वल्प ऐका. हे बाहेर गेलं तर लोक शांतेला काय म्हणतील? मूर्ती, तुम्ही तर तीन क्रॉसमध्ये सांगून आलात परदेशी कट म्हणून. तुमचं काय राहील?"

मूर्तींनी इकडे तिकडे बघितलं. "लोकांना काहीतरी सांगावं तर लागेलच."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"मी सांगणार नाही!" मी भडकलो. "मी शास्त्राचा माणूस आहे. माझ्या गुरुजींना काय वाटेल? खोटं बोलायला शिकलो नाही मी!"

"खोली आवडली ना आईंना?" अण्णा प्रेमानं म्हणाले.

रविवारी व्हरांडा गच्च भरला होता. मी उभा राहिलो. पाऊण तास मी पुराव्यांनिशी सिद्ध केलं, की कट परदेशीच होता, उंदीर फुग्यातून आले आणि आमच्या क्रॉसच्या जागरूकतेमुळे शत्रूनं माघार घेतली. कापलेल्या शेपटीचं शास्त्रीय स्पष्टीकरण मी असं काही दिलं, की खुद्द मूर्ती टिपून घ्यायला कागद मागू लागले. टाळ्या तर मागच्या रविवारच्या दुप्पट!

पहिल्या रांगेत, शांताक्कांना खेटून, शत्रू बसला होता. त्याला कन्नड फारसं कळत नव्हतं, पण टाळ्या ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. पदरानं ते टिपत तो अक्कांना सांगत होता:

"बगा, शिकल्यालं मानूस लगीच वळकून येतंय!"